मैनेची चाल

सवत आलीच तर कशी असेल, याचा विचार सुवर्णाने तरुणपणी एकदोनदा करून ठेवला होता. नवरा एसटीत ड्रायव्हर, मुक्कामाची गाडी, परगावची वस्ती. बायका काय काय बोलायच्या. सवत आपल्यापेक्षा वयाने लहान असेल, अंगापिंडाने भरलेली असेल, बोलायला गोड असेल, असा तिचा अंदाज होता. पण तिला पिसं असतील आणि ती आपल्याच परसातल्या डालग्याखालून निघेल, हे काही तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तांबूस रंगाची, डोक्यावर पिसांचा झुपका मिरवणारी ती तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मुळात सुवर्णाचीच. खुडूक कोंबडीखाली अंडी तिने ठेवली, पिल्लं निघाल्यावर घारीपासून तिने राखली. परसात एकूण कोंबड्या किती, हे सर्जेरावाला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याची आणि कोंबडीची गाठ रविवारी ताटात पडायची, ती तांबड्या रश्श्यात.

मग एका सकाळी सुवर्णाने डालगं उचललं. बाकीच्या फडफडत बाहेर धावल्या आणि ही तिथेच पडून राहिली. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, मान जराशी कलती. शेजारच्या हौसाक्काने कुडावरून मान वर काढून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, की आजच काप, दोन दिवसांत नुसती हाडं राहतील. सुवर्णालाही त्यात वावगं वाटलं नाही. तिने चुलीवर आधण ठेवलं आणि सुरी शोधायला लागली.

तेवढ्यात कट्ट्यावर बसलेला सर्जेराव उठून आला.

"थांब जरा," तो म्हणाला. "पाय गेलं म्हनून लगीच मोडीत काढायचं व्हय?"

आता हे बोलणं कोंबडीबद्दल होतं की स्वतःबद्दल, हे त्याचं त्याला ठाऊक. सगळं आयुष्य त्याने आंबोलीच्या घाटात गाडी चालवली होती. मग स्वतःच चालणाऱ्या गाड्या आल्या. सुरुवातीला काही दिवस ड्रायव्हरला नुसतं सीटवर बसवून ठेवत. पुढे सीटच काढून टाकली. शाल-नारळ घेऊन सर्जेराव घरी आला तो कट्ट्यावर बसला, तो आजवर. ज्या हातांवर भरवसा ठेवून गाडीभर माणसं धुक्यात झोपी जायची, ते हात दिवसभर एकमेकांत अडकवून बसलेले असत. सुवर्णाला त्याची दया यायची आणि रागही यायचा. अशा माणसाने पुष्कळ दिवसांनी आपणहून काही म्हटलं, म्हणून तिने आधण खाली उतरवलं. पुढे तिला या चांगुलपणाचा फार पश्चात्ताप झाला.

तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टर नाझनीन मुल्ला आल्या. वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी कोंबडी मांडीवर घेऊन तिचे पाय दाबून पाहिले, मुडपलेली बोटं उलगडून पाहिली. रोगाचं नाव मॅरेक, त्या म्हणाल्या. विषाणू पायाकडे जाणाऱ्या नसांत शिरतो, नसा सुजतात आणि पायाला निरोप पोचेनासा होतो. पूर्वी याला उपायच नव्हता. आता विषाणू मारणारं इंजेक्शन निघालं होतं. पण विषाणू मेला तरी पाय काही आपोआप चालू लागत नसत. नस जगायची, पण चालायचं कसं ते विसरून बसायची.

"मान कापलेली कोंबडी अंगणभर पळते, बघितलंय ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तिचा तोल नुसता डोक्यात नसतो. पाठीच्या कण्यात, शेपटीच्या जरा वर, तोल राखणारी आणखी एक जागा असते. तिलाच आपण परत शिकवायचं."

शिकवायचं यंत्र दोन भागांचं होतं. एक बोटाच्या पेराएवढी चकती, ती कोंबडीच्या पाठीवर पिसं बाजूला सारून चिकटवायची. दुसरा भाग म्हणजे माणसाने कमरेला बांधायचा पट्टा. माणूस चालू लागला की पट्टा टिपून घ्यायचा, कुठला पाय कधी उचलला, कुठल्या पायावर भार किती वेळ राहिला, अंग कुठे झुकलं. मग ते सगळं कोंबडीच्या मापाचं करून चकती तिच्या कण्याला विजेच्या बारीक टिचक्यांनी सांगायची. दोन पायांवर चालणारी जात म्हणजे पाखरं आणि माणसं, तेव्हा कोंबडीने चाल उसनी घ्यायची ती माणसाकडूनच. दुसऱ्या धडधाकट कोंबडीकडून का नाही, असं सर्जेरावाने विचारलं. त्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. ती चार पावलं सरळ टाकेल तर ना. मध्येच थांबून उकिरडा उकरायला लागली, तर हीही जन्मभर उकरतच राहील.

अटी दोनच होत्या. एक, चालणारा माणूस बदलायचा नाही. सध्या तिच्या नसा म्हणजे ओला गिलावा, त्यावर जे उमटेल ते तसंच वाळेल. आणि दुसरी, कोंबडी पुढे, माणूस मागे, नजर सतत तिच्या पायांवर. कोलमडतेय असं दिसलं की तिथेच थांबायचं.

दाराआड उभी राहून ऐकणाऱ्या सुवर्णाला या दुसऱ्या अटीचं मनातल्या मनात हसू आलं. त्यांच्या भावकीत रस्त्याने निघालं की पुरुष पुढे आणि बाई चार पावलं मागे. बाईची सावली नवऱ्याच्या पुढे पडू नये, असं सासूबाई सांगायच्या. सासूबाई गेल्या, गावात सिमेंटचे रस्ते झाले, विनाड्रायव्हरच्या गाड्या आल्या, तरी हे दोघं बाजाराला निघाले की तो पुढे आणि ती मागे. सुवर्णाला नवऱ्याचा चेहरा जितका पाठ होता, त्याहून त्याची पाठ अधिक पाठ होती. आणि तो माणूस ड्रायव्हर, त्याला पुढचंच बघायची सवय. गाडीला निदान मागचं बघायला आरसा तरी असतो.

आता तो कोंबडीच्या मागून चालणार होता.

झालं. तिथून घराची घडीच बदलली. सर्जेराव उजाडता उठू लागला. सुवर्णाचं एक जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, त्याने न विचारता फाडलं आणि त्याची झोळी शिवली. झोळीला पाय खाली सोडायला दोन भोकं. त्यात कोंबडीला बसवून खुंटाला टांगायचं, म्हणजे छातीवर दाब येत नाही आणि घाण अंगाला लागत नाही. बाकीच्या कोंबड्या टोचून काढतील म्हणून तिला माजघरात वेगळी जागा. कोमट पाण्यात पाय शेकायचे, एकेक बोट सरळ करून चोळायचं, ताकात कालवलेला घनसाळ तांदळाचा भात बोटाने चोचीत घालायचा. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो कोंबडीची वाटी घासून पालथी घालायचा.

वर तिला नावही ठेवलं. मैना.

"कोंबडीला मैना," सुवर्णा म्हणाली. "उद्या बोक्याला वाघ म्हना."

तो नुसता हसला. सुवर्णाला तो आजवर 'अगं' म्हणायचा किंवा 'ऐकलंस का', आणि घाई असेल तर तेही नाही. तिच्या नावात काही कमी होतं अशातला भाग नव्हता.

मग पट्टा बांधून चालणं सुरू झालं. पहिल्या दिवशी मैनेचे पाय नुसतेच थरथरले. आठवडाभरात ती झोळीच्या आधाराने पावलं टाकू लागली आणि पुढे एके सकाळी तर झोळीशिवाय उभी राहिली. सर्जेरावाने पाऊल उचललं की ती उचलायची, तो थांबला की ती थांबायची. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे कोंबडी आणि मागे हा आडदांड माणूस, मान खाली घालून तिच्या पायांकडे बघत. बघायला गाव लोटलं. हौसाक्काने कुडावरून सुवर्णाला विचारलं, की बयो, तुझी वरात तरी एवढ्या निगुतीनं काढली होती का गं? सुवर्णा हसली. आत जाऊन तिने भाकरीचं पीठ असं काही मळलं की परातीला पोचा पडायचा बाकी राहिला.

तिला हेवा वाटत होता, सरळ सांगायचं तर. कोंबडीचा हेवा वाटतो हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तो आतल्या आत आंबत होता. लग्नात सासऱ्यांनी चांदीचा कमरपट्टा कबूल केला होता, तो आला नाही तो नाहीच. आता घरात पट्टा आला तो नवऱ्याच्या कमरेला, आणि तोही हिच्यासाठी. पण खरा सल वेगळाच होता. एकदा भातलावणीच्या दिवसांत, बांधावरून जाताना सुवर्णाचा पाय घसरला होता. उजवा गुडघा दगडावर आपटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. सर्जेराव नेहमीप्रमाणे पुढे होता. तो बांधाच्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि एवढा उशीर का लावलास, म्हणून वैतागला. पाय मुरगळला, एवढंच ती म्हणाली. तेल लाव, तो म्हणाला. पुढे गुडघा कायमचाच धरला. सासूबाई लंगडी म्हणतील म्हणून सुरुवातीला तिने ते लपवलं. मग लपवायची सवय झाली. मग तर लपवत नसतानाही कुणाच्या लक्षात येईना आणि तेव्हापासून तिने सांगणंच सोडलं.

आणि परवा मैना नुसती अडखळली, तर हा माणूस हातातला चहा टाकून धावला होता.

शुक्रवारी सर्जेराव आजऱ्याला बाजाराला गेला. पट्टा खुंटीवर होता आणि मैना झोळीत. ही अंडं फोडून बाहेर आली ती माझ्या हातात, आणि चालायची मात्र फक्त त्यांच्या पावलावर, या विचाराने सुवर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मैनेला अंगणात ठेवलं, पट्टा कमरेला बांधला आणि पाऊल टाकलं.

मागे नखांचा आवाज झाला.

मागे म्हणजे मागेच. कोंबडीला पुढे ठेवायचं, ही अट सुवर्णाच्या ध्यानात होती, पण मैनेला मागे चालताना ऐकलं आणि तिचा पाय पुढे निघाला तो निघालाच. लग्न झाल्यापासून ती कुणाच्या ना कुणाच्या मागून चालत आली होती. आज तिच्या मागून कुणीतरी येत होतं. ती चालली की ते चालत होतं, ती थांबली की थांबत होतं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. माझ्याही पावलावर चालते म्हणायची, बघा.

एकदाच, असं तिने ठरवलं होतं. पण सर्जेराव दुपारी जेवला की घोरायला लागायचा, आणि पट्टा खुंटीवर असायचा. मग रोज दुपारी अंगणात सुवर्णा पुढे आणि मैना मागे. तिने एकदाही वळून मैनेच्या पायांकडे पाहिलं नाही. पुढे चालणाऱ्याने मागे बघायचं असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

पंधरवड्यात मैना लंगडायला लागली.

सकाळी सर्जेरावाच्या पट्ट्यावर चालतानाही तिचा उजवा पाय टेकला न टेकला की वर यायचा. सर्जेराव हबकलाच. तळव्यात काटा गेलाय का ते पाहिलं, गाठ आलीय का ते पाहिलं. हळद घातलेल्या पाण्यात पाय शेकला. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. मैनेला मांडीवर घेऊन तो तिच्या उजव्या पायाचा सांधा अंगठ्याने हळूहळू चोळत बसला होता, आणि सुवर्णा तांदूळ निवडत समोर. तिचाही गुडघा त्या दिवशी ठणकत होता.

"कुठं दुखतंय गं बाय?" तो मैनेला म्हणाला. "सांग की मला."

सुवर्णाच्या हातातलं सूप थांबलं. हे वाक्य तिचं होतं. इतकी वर्षं तिने त्याची वाट पाहिली होती, आणि ते आलं ते तिच्या डोळ्यांदेखत दुसरीकडेच गेलं. त्या क्षणी मैनेचे दोन्ही पाय पुन्हा गेले असते तरी तिला वाईट वाटलं नसतं. आणि असं मनात आलं याची तिला लगेच लाजही वाटली.

सर्जेरावाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी येईपर्यंत पट्टा बांधू नका, त्या म्हणाल्या. लंगडणं एकदा मुरलं तर कायमचं होईल आणि पायावर सगळा भार घेता आला नाही तर दुसरा पायही जाईल. मग काय करायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा आधी येऊन बघते, एवढंच बाई म्हणाल्या. एवढ्यावरून त्याला समजायचं ते समजलं. फोन ठेवून तो परसात तोंड फिरवून उभा राहिला.

बाई यायच्या त्या सकाळी तो त्यांना आणायला फाट्यावर गेला. सुवर्णाने मैनेला अंगणात सोडलं. आपण काय करून बसलो, याचा तिला आता अंदाज येऊ लागला होता. पण खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची एकच रीत होती. तिने पट्टा बांधला. या खेपेला मैनेला पुढे ठेवायचं आणि पायांकडे बघायचं, असं ठरवून ती स्वयंपाकघरातून निघणार, तोच दाराशी गाडी वाजली. डॉक्टरीणबाई आधीच निघाल्या होत्या, आणि सर्जेराव त्यांना अर्ध्या वाटेत भेटला होता. पट्टा सोडायला वेळच नव्हता. सुवर्णाने पदर कमरेवरून ओढून खोचला आणि चुलीपाशी पुतळ्यासारखी उभी राहिली. आपण हललो की अंगणात ती हलणार, हे तिला ठाऊक होतं.

बाहेर बाईंनी सर्जेरावाला आधी चालायला लावलं. तो अंगणभर चालून आला. मैना जागची हलली नाही. मग बाईंनी तिचे पाय दाबून पाहिले आणि ती लंगडताना त्याने फोनवर घेतलेलं चित्रण पाहिलं.

"तुमची चाल तर सरळ आहे," त्या म्हणाल्या. "ही लंगड तिने तुमच्याकडून घेतलेली नाही. पायालाही इजा नाही. ही माणसाची लंगड आहे, उजवा गुडघा फार जुना दुखत असला की माणूस असा चालतो. घरात कुणाला आहे का तसं?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. त्याने थोडा विचारही केला. "आमच्यात तसं कुनी न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. सुवर्णाला ते आत ऐकू आलं, आणि तो खोटं बोलत नाही हेच तिला सहन झालं नाही.

"अगं, बाईंस्नी पानी आन," त्याने हाक दिली.

ती हलली नाही.

"ऐकलंस का? पानी."

सुवर्णाने तांब्या भरला. एकदा वाटलं, पट्टा काढून माठामागे टाकावा. मग तिने पदर होता तसा राहू दिला आणि चालू लागली. नेहमी चालायची तशीच, काही न सावरता. स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून ओटी. अंगणात मैना उठली. सुवर्णाने उजवा पाय टेकवला आणि चटकन डाव्यावर भार घेतला. मैनेने उजवा पाय टेकवला आणि चटकन डाव्यावर भार घेतला. उंबरा ओलांडताना सुवर्णा क्षणभर थांबली, चौकटीला धरून तिने पाय उचलला. मैनाही मोकळ्या अंगणात, काही आडवं नसताना, थांबली आणि मग तिने पाय उचलला.

सर्जेरावाची नजर सवयीने मैनेच्या पायांवर होती. तिथून ती हळूहळू वर आली आणि दारात उभ्या असलेल्या बायकोच्या पायांवर जाऊन थांबली. पुष्कळ वेळ तो तिथे बघत राहिला.

"कवापास्नं?" शेवटी त्याने विचारलं.

"लावनीला पडले तवापास्नं," सुवर्णा म्हणाली. "तुमच्या मागंच तर पडले."

डॉक्टरीणबाईंनी तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. पट्ट्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. गिलावा अजून पुरता वाळलेला नाही, त्या म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करू, एकट्या काकांनीच चालायचं. मैना सुधारेल बहुतेक, थोडी लंगड राहील कदाचित. आणि काकूंना माणसांच्या डॉक्टरकडे न्या.

सर्जेराव ओटीवर बसला. त्याने मैनेला उचलून घेतलं नाही. ती अंगणात एकटीच उभी राहिली, आणि सुवर्णाला कितीतरी दिवसांनी तिची कीव आली. पट्टा सोडून तिने त्याच्यासमोर ठेवला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याने विचारलं ते एवढंच, की आता दुखतंय का. सुवर्णाने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मग हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते गडहिंग्लजच्या दवाखान्याला निघाले. मैनेला हौसाक्काकडे सोपवताना सर्जेरावाने तिला इतक्या सूचना दिल्या, की सुवर्णाचं डोकं पुन्हा तापलं. सांगून झालं असंल तर निघायचं का, ती म्हणाली. तो फाटकाबाहेर पडला, नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे गेला आणि थांबला.

"तू हो फुडं," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"हो म्हनतोय न्हवं."

कुडापलीकडे हौसाक्का बघत होती. सुवर्णा पुढे झाली. आपल्या पाठीवर कुणाची नजर असली की पाय कसे टाकायचे, हे तिला माहीत नव्हतं. तिने दातावर दात धरून पाय सरळ टाकायला सुरुवात केली.

"तसं न्हवं," मागून आवाज आला. "जसं दुखतंय तसं चाल."

तिने पाय सैल सोडला. उजवा टेकला न टेकला, की डावा. रस्ता पुढे रिकामाच पडला होता. इतकी वर्षं तिथे एक पाठ असायची आणि ती पाठ कुठे वळते, कुठे थांबते, सगळं तिला दिसायचं. आता मात्र तिला काहीच दिसत नव्हतं. घराकडून मैनेच्या ओरडण्याचा आवाज आला आणि त्याची मान तिकडेच वळली असणार, असं सुवर्णाला वाटलं.

"अवो," ती न वळता म्हणाली, "कुठं बघताय?"

मागून चपलांचा आवाज जवळ आला.

"तुझ्याकडं," तो म्हणाला. "फुडं खड्डा हाय, सुवर्णा. डाव्या अंगानं जा."